ओटा बांधण्याआधी

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात गृहविज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेले भाषण)



रब्बीची सुगी आटोपली आणि हाती चार पैसे आले, की आपल्याकडे खेड्यात दोन कामे निघतात. एक लग्नाचे आणि दुसरे घराचे. पावसाळा तोंडावर येण्याआधी दोन-अडीच महिने मिळतात. तेवढ्यात पुढच्या बैठकीला रंग लागतो आणि मागच्या स्वयंपाकघरात नवा ओटा होतो. आज मी त्या मागच्या खोलीबद्दल बोलणार आहे.

मंडपात पुढच्या रांगांत बंधू बसले आहेत आणि भगिनी मागे आहेत. विषय स्वयंपाकघराचा आहे म्हणून बंधूंनी चहाला उठू नये. ओट्यावर काम भगिनी करतात, पण तो किती उंच करायचा, कोणत्या भिंतीला घ्यायचा आणि त्यावर कोणता दगड बसवायचा, हे बहुतेक घरांत बंधू आणि गवंडी मिळून ठरवतात. तेव्हा हे भाषण खरे तर पुढच्या रांगांसाठीच आहे.

नोकरीच्या काळात परभणी, हिंगोली, जालना, नांदेड या भागांतील पुष्कळ स्वयंपाकघरे मी पाहिली. नवे काम झालेल्या घरी गेले, की मी बाईंना दोनच प्रश्न विचारत असे. यातली कोणती गोष्ट केली ते बरे झाले? आणि कोणती केली नसती तर बरे झाले असते? पहिल्या प्रश्नाची उत्तरे बहुधा स्वस्तातली निघत. खिडकी, ओट्यावरचा दिवा, मागच्या दाराची पायरी. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे महागाची असत. चकचकीत फरशी, भिंतभर कपाटे, उंच ओटा. खर्च जितका मोठा तितका पस्तावा मोठा, असे काही नाही. पण सिमेंटात बसवलेली चूक दुरुस्त करायला दुप्पट पैसे लागतात, आणि ते पैसे पुन्हा कोणी काढत नाही. मग ती चूक बाईच्या कमरेत आणि खांद्यात वीस-वीस वर्षे राहते.

माप कोणाचे घ्यावे?

मी आधी माझ्याच घरचे सांगते. १९९६ साली आमच्या गावच्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले. मी तेव्हा कॉलेजात मुलींना ओट्याच्या उंचीचा धडा शिकवत होते. परीक्षा चालू असल्याने बांधकामाच्या आठवड्यात मला गावी जाता आले नाही. गवंड्याने आमच्या यजमानांना विचारले, “साहेब, ओटा किती ठेवू?” ते म्हणाले, शहरात असतो तसा ठेव. गवंड्याने छत्तीस इंचांचा ओटा उभा केला. वर काळाभोर कडप्पा, मागे पांढऱ्या टाइल्स. पाहणारे वाहवा करून गेले.

माझ्या सासूबाई चार फूट नऊ इंच. पहिल्याच दिवशी त्यांना पातेल्यात डोकावता येईना. त्यांनी जेवायचा पाट पायाखाली घेतला आणि त्यावर उभे राहून वरण घोटले. महिनाभर असे चालले. एके दिवशी पाट सरकला, त्यांनी तोल सावरायला हात पुढे टाकला आणि उकळते वरण मनगटापासून कोपरापर्यंत सांडले. हात बरा झाला, पण त्या ओट्यापाशी त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. मागच्या पडवीत तीन दगड मांडून त्यांनी चूल केली आणि धुरात बसून भाकरी करू लागल्या. आत गॅस होता, नवा ओटा होता, आणि माझी सासू बाहेर खोकत होती.

मला त्या एकदाच बोलल्या. “आगं, गव्हाण बांधताना म्हशीचं तोंड कुठवर पोचतंय ते बघतेत. मग माझं माप कामून नाही घेतलं?” मला उत्तर देता आले नाही. २००३ साली आम्ही तो ओटा फोडला. कडप्पा काढताना मधोमध तडकला, टाइल्स निघाल्या त्या तुकडे होऊनच. नवा ओटा तीस इंचांचा केला. सासूबाईंना तो चार वर्षे वापरायला मिळाला.

छत्तीस इंच हे माप मुळात आले कुठून? अमेरिकेत ओट्याची उंची छत्तीस इंच ठरलेली आहे. तेथील बायका आपल्यापेक्षा उंच. तेच माप चित्रांतून आणि शहरातल्या फ्लॅटमधून आपल्या गवंड्यापर्यंत आले. आपल्याकडे बाईची उंची सरासरी पाच फुटांच्या आसपास असते. आता हिशोब करा. छत्तीस इंचांच्या ओट्यावर चार-पाच इंचांची शेगडी, तिच्यावर आठ इंच खोल पातेले. पातेल्याचा काठ जमिनीपासून चार फुटांवर गेला. पाच फूट उंचीच्या बाईचा खांदाही जवळजवळ तेवढ्यावरच असतो. खांद्याएवढ्या उंचीवर हात धरून अर्धा तास पिठले घोटायला बंधूंपैकी कोणी तयार असेल तर त्यांनी मेळावा संपल्यावर मला भेटावे.

माप घेण्याची रीत सोपी आहे. बाईने चपला काढून भिंतीशी सरळ उभे राहावे, हात कोपरात काटकोनात दुमडावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर ३७-३८ इंचांवर येते. भाजी चिरणे, निवडणे यासाठी ओटा कोपराखाली चार इंच असावा, म्हणजे अशा बाईला ३३-३४ इंच. कणीक मळण्यासाठी अंगाचा भार हातावर द्यावा लागतो, म्हणून तो भाग ३० इंच बरा. शेगडी ठेवायचा भाग आणखी खाली, २८ इंच, कारण शेगडी स्वतःची उंची घेऊन येते. एवढ्या तीन पायऱ्या करणे जमत नसेल तर निदान शेगडीचा तुकडा वेगळा व खाली घ्यावा. तेही नको असेल तर सरसकट तीस-एकतीस इंच ठेवा. घरात सासू आणि सून दोघी काम करत असतील तर बुटकीच्या मापाने बांधावे. उंच बाईला थोडे वाकता येते, बुटकीला वाढता येत नाही.

येथे गवंडी दोन ठिकाणी चुकतो. एक, तो माप कोब्यापासून घेतो. पुढे फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन-तीन इंच चढतात आणि ओटा तेवढा बसका होतो. माप नेहमी तयार फरशीपासून धरावे आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. दुसरे म्हणजे, तो ओट्याखालची उभी फळी थेट काठापर्यंत आणतो. मग उभे राहताना पायाचे चवडे फळीला लागतात, बाई मागे सरकते आणि दिवसभर पुढे झुकून काम करते. उभ्या फळ्या काठापासून चार इंच आत घ्याव्यात. याला जास्तीचा पैसा लागत नाही. ओट्याची खोलीही दोन फुटांपेक्षा जास्त नको. अडीच फूट केला तर मागच्या खिडकीच्या कडीला हात पोचत नाही.

भाकरी कुठे करायची?

हा प्रश्न शहरातल्या नकाशांत येत नाही, कारण तेथे पोळी आहे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे. भाकरी थापायची तर काठवट जमिनीवर हवी, बसून खांद्याचा जोर लागायला हवा. ओट्यावर भाकरी थापणाऱ्या बायका आहेत, पण त्या तरुणपणी शिकल्या. पन्नाशीच्या बाईला उभ्याने थापायला लावले की ती चार दिवसांत पोळ्यांवर येते किंवा माझ्या सासूबाईंसारखी पडवीत जाते.

काही घरांत यावर उपाय म्हणून सिलिंडरची शेगडी खाली फरशीवर ठेवतात. हे करू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता खाली साचतो, खोलीच्या सखल भागात पसरतो. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असावी. शिवाय खाली शेगडी म्हटले की पदर आणि रांगते मूल, दोन्हींचा धोका. सिलिंडर उभाच ठेवावा. ओट्याखाली कपाट करून त्यात कोंडायचा असेल तर दाराला तळाशी जाळी हवी, आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला फरशीलगत एक भोक ठेवून त्याला उंदीर येणार नाही अशी जाळी मारावी. वास आला तर विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारे-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, मग ती दिसायला कितीही चांगली असो.

मग भाकरीसाठी काय करावे? मला ज्या घरांतल्या बायका समाधानी दिसल्या, तेथे चूल मोडलेली नव्हती, तिची जागा बदलली होती. मागच्या पडवीत, तिन्ही बाजूंनी उघड्या जागी, चूल-वैल घालून त्यावर धुराडे बसवलेले. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि गॅस पुष्कळ घरांत पोचला, ही मोठी गोष्ट झाली. पण गॅस आला म्हणून चूल गेली नाही. आंघोळीचे पाणी, भाकरी, आणि टाकी भरून आणायला पैसे नसतील त्या आठवड्याचा सगळा स्वयंपाक चुलीवरच होतो. हे मान्य करून घर बांधावे. चूल नाहीच असे समजून बांधलेल्या घरात ती शेवटी जिन्याखाली पेटते, आणि तेथून धूर सगळ्या घरात जातो.

बंधूंपैकी काहींना निर्धूर चूल आठवत असेल. १९८३-८४ पासून सरकारचा कार्यक्रम होता, तो २००२ साली बंद झाला. चूल चांगली होती. पण धुराड्यात काजळी साचते, ती पंधरा दिवसांनी काढावी लागते, हे आम्ही विस्तारवाल्यांनी नीट शिकवले नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच चुलींची धुराडी तुंबली, धूर परत खोलीत येऊ लागला आणि लोकांनी ती काढून टाकली. यात आमची चूक मोठी होती. आता बसवायचे तर पाइप चार इंचांचा, सरळ वर जाणारा, छपराच्या वर निदान तीन फूट निघालेला आणि टोपीचा असावा. खाली काजळी काढायला एक झाकण ठेवावे. अॅस्बेस्टॉसचे जुने पाइप पडलेले असतील तर ते वापरू नका, कापू तर मुळीच नका.

गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर गोबर गॅसचाही विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. त्याची शेगडी वेगळी असते, सिलिंडरची चालत नाही. आणि पाइप स्वयंपाकघरात कोठून आणायचा ते ओटा बांधण्याआधी ठरवावे. नंतर भिंत फोडावी लागते.

साणे गेले आणि काही आले नाही

जुन्या माळवदाच्या घरांना साणे असे. वरून उजेड येई, चुलीचा धूर तेथून जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीची जड माळवदे माणसांवर कोसळली. त्यानंतर आपल्या भागात लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि ज्याला जमले त्याने स्लॅब घातला. ते योग्यच झाले. पण स्लॅब घालताना साणे गेले आणि त्याच्या जागी काही केले नाही. फोडणीची वाफ आणि धूर वर चढतो, स्लॅबखाली थांबतो आणि तेथेच राहतो. भिंती तेलकट होतात, त्यावर काजळी बसते, आणि बाई म्हणते रंग टिकत नाही.

स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी निदान तीन फूट बाय साडेतीन फुटांची खिडकी हवी. आणि तिच्या समोरच्या भिंतीत, अगदी स्लॅबलगत, एक झरोका हवा. खिडकीतून हवा आत, झरोक्यातून बाहेर. एकच भोक ठेवले तर हवा फिरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून झरोका शक्यतो पूर्वेच्या अंगाला घ्यावा, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला असावे असे जुने लोक सांगत, त्यात मला हाच शहाणपणा दिसतो. पण चांगले चाललेले स्वयंपाकघर केवळ कोपरा बदलायचा म्हणून पाडणारी घरे मी पाहिली आहेत, तेवढा पैसा खिडकीत घातला असता तर घरातल्या बाईचे डोळे वाचले असते. शेगडी मात्र खिडकीच्या अगदी समोर नको, ज्योत विझते.

जुन्या घरात नवी खिडकी पाडताना एक सांभाळावे. भूकंपानंतर बांधलेल्या पुष्कळ घरांत दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींतून सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवलेला असतो. तो घराचा कमरपट्टा आहे. खिडकीसाठी, धुराड्यासाठी किंवा एक्झॉस्ट पंख्यासाठी तो कधीही तोडू नये. भोक त्याच्या खाली किंवा वर घ्यावे, आणि खिडकीवर लिंटेल टाकल्याशिवाय भिंत फोडू देऊ नये.

ज्या गोष्टीबद्दल बायका सगळ्यात जास्त समाधानाने बोलल्या ती म्हणजे ओट्यावरची खिडकी. हवेसाठी तर आहेच, पण तेथून गोठा दिसतो, अंगणात पोर कुठे आहे ते दिसते, शेताकडून कोण येते ते कळते. सेनगावकडच्या एक वहिनी मला म्हणाल्या, “मॅडम, वीस वर्षं मी भिंतीकडं तोंड करून सैपाक केला.” त्या एवढेच म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या.

दिव्याचेही तसेच. खोलीच्या मध्ये दिवा लावला की ओट्यापाशी उभ्या बाईची सावली तिच्याच विळीवर पडते. दुसरा दिवा ओट्याच्या वर भिंतीला लावावा. मिक्सरचे बटण ओट्यापासून नऊ-दहा इंच वर आणि पाण्याच्या जागेपासून दूर असावे, आणि अर्थिंग खरोखर केले आहे का हे पाहूनच वायरमनला पैसे द्यावे.

मोरी काढून सिंक

नव्या स्वयंपाकघरात मोरी काढून स्टीलचे सिंक बसवतात. वाटी-कप धुवायला ते छान. पण आपल्याकडे सुगीत दहा मजूर जेवतात, हंडा-पातेली निघतात. दीड फुटाच्या सिंकमध्ये ती मावत नाहीत. मग बाई ती उचलून अंगणात नेते, तेथे चिखल करते. ज्यांनी छोटे सिंक आत ठेवले आणि मागच्या दाराशी सहा इंच काठाची, खडबडीत शहाबादीची मोरी केली, त्या सगळ्या खूष आहेत.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा असे आम्हीच सांगत असू. एक मीटर लांब, रुंद, खोल. मुरमाड जमिनीत तो चालतो. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरत नाही, खड्डा भरून डास होतात. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीलगत सांडपाणी सोडले तर दोन-तीन वर्षांत पायाला झटका बसून भिंतीला तडे जातात. म्हणून काळ्या जमिनीत सांडपाणी पाटाने किंवा पाइपने घरापासून पंधरा-वीस फूट दूर न्यावे आणि केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात सोडावे. विहीर व बोअरपासून त्याहूनही दूर, निदान पन्नास फूट. मोरीच्या तोंडाशी खरकटे अडवायला जाळी ठेवावी.

चकचकीत फरशी आणि भिंतभर कपाटे

गुळगुळीत फरशी दुकानात उठून दिसते. तेल आणि पाणी सांडले की तिच्यावर उभे राहता येत नाही. जालन्याकडे एका घरी नवी फरशी बसवून दोन महिने झाले होते, आणि आजी खुबा मोडून अंथरुणावर होत्या. सून म्हणाली, फरशी बदला असे म्हणायचे कोणत्या तोंडाने, मीच पसंत केली होती. स्वयंपाकघरात आणि मोरीपाशी पॉलिश न केलेली कोटा किंवा शहाबादी, नाहीतर खरखरीत टाइल घ्यावी. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार मोरीकडे द्यावा.

ओट्यासाठी कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, आमसूल सांडले की त्यावर डाग उठतो. त्याने काम अडत नाही, फक्त शोभा जाते. पांढऱ्या संगमरवराला तेच होते आणि वर हळदीचा पिवळा डाग, म्हणून तो घेऊच नये. परवडत असेल तर गडद ग्रॅनाइट.

प्लायवूडच्या कपाटांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्या घरात वर्षाचे धान्य राहते. सहा माणसांच्या घराला आठ-दहा क्विंटल तरी लागते. ते खणांत मावत नाही. शेताजवळच्या घराला वाळवी ठरलेली, ओट्याखाली ओल ठरलेली, आणि बंद कपाटासारखी जागा उंदराला दुसरी नाही. कडप्प्याच्या उघड्या फळ्या, भिंतीतले फडताळ आणि स्टीलची मांडणी यांना अजून तोड नाही. नवे काम काढताना बळद बुजवले, कोठीची खोली स्वयंपाकघरात घेतली, आणि आता पोती टीव्हीशेजारी रचली आहेत, अशी घरे मी मोजणे सोडून दिले. पोती भिंतीपासून फूटभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवता येतील एवढी कोरडी जागा आधी काढावी, मग उरलेल्यात स्वयंपाकघर बसवावे.

बैठकीला लागून उघडे स्वयंपाकघर ही नवी टूम आहे. मी तिच्या विरुद्ध होते. मिरचीची फोडणी दिली की पाहुणे खोकतात, आणि बाईला क्षणभर टेकायला आडोसा राहत नाही. पण लोह्याकडच्या एका सुनेने मला निरुत्तर केले. ती म्हणाली, “आता बैठकीत काय ठरतंय ते मला ऐकू येतं, मॅडम. आधी लेकीचं लग्न ठरल्यालंबी मला चहा नेल्यावर कळलं होतं.” तेव्हा या बाबतीत मी नियम सांगत नाही. त्या घरच्या बाईला विचारावे.

१९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. साधारण सहा फूट बाय अकरा फूट. पावलांचा हिशोब करून प्रत्येक वस्तू हाताशी ठेवलेली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे झाली, आणि आजची शहरी स्वयंपाकघरे त्याच वळणाची आहेत. पण ते एका बाईसाठी होते. दुसरी मदतीला आली तर अडचण, मुलाला बसायला जागा नाही, अशा तक्रारी तेथेही झाल्या. आपल्याकडे सणाला तीन बायका एकत्र राबतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात. समोरासमोर ओटे घेणार असाल तर मधे चार फूट मोकळे ठेवा, आणि खाली बसून निवडण-टिपण करायला एक कोपरा रिकामा सोडा. गवंडी तो कोपरा पाहून म्हणेल, येथे कपाट काढू का? नको म्हणावे.

शेवटी एक करून पाहायची गोष्ट. गवंडी येण्याच्या आठवडाभर आधी अंगणात चुन्याने नव्या स्वयंपाकघराचा नकाशा खऱ्या मापाने आखा. ओट्याच्या जागी विटा रचून त्यावर दाराची फळी टाका. घरातल्या बाईने चार दिवस तेथे कणीक मळावी, भाजी चिरावी, पाण्याचा हंडा आत आणून पाहावा. एकेक वीट काढून-घालून उंची ठरवावी, आणि ठरेल ते माप बाईनेच भिंतीवर रेघ मारून गवंड्याला दाखवावे.

मंडपाच्या डाव्या बाजूला आमच्या मुलींनी विटांचे चार ओटे रचून ठेवले आहेत, २८, ३०, ३३ आणि ३६ इंचांचे. प्रत्येकावर परात आणि पीठ आहे. भगिनींनी जेवणाआधी तेथे जाऊन चारही ठिकाणी मळून पाहावे. टेप टेबलावर आहेत. माप बंधूंनी घ्यायचे आहे आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे आहे.